आधी रंग, मग वरचा पंख

हॉकर फ्युरी या दुपंखी विमानाचा किट आणलास, छान केलंस. पण डबा उघडल्या उघडल्या सगळे भाग फ्रेममधून मोडून मोकळा होऊ नकोस. फ्रेमवरचा नंबर गेला की पंखांमधली कुठली दांडी पुढची नि कुठली मागची, ते शोधत बसशील. लागेल तेवढंच कापायचं, तेही जरा लांबून. उरलेला खुंट पात्याने छाटून पॉलिश पेपरने घासायचा. त्याआधी फ्रेम साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घे. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

1/72 प्रमाण म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. फ्युरीच्या वरच्या पंखाचा पल्ला 30 फूट, म्हणजे तुझ्या टेबलावर पाच इंच. त्या पाच इंचांत दोन पंख, मध्ये दांड्या आणि तारा. वरचा पंख बसला की आत ब्रश जात नाही, बोट तर नाहीच. म्हणून एकपंखी विमान जोडून रंगवतात तसं इथे चालत नाही. पंख, धड, शेपूट सुटंच रंगवायचं, डेकलही, म्हणजे चिकटवायची चिन्हंही, तेव्हाच लावायची.

सगळं विमान एकाच चंदेरी रंगात बुडवू नकोस. डब्यावरचं चित्र बघून बहुतेक जण तेच करतात आणि विमान खेळण्यातलं दिसतं. फ्युरीच्या नाकाकडचे पत्रे उघड्या धातूचे, घासलेल्या स्टीलच्या तांब्यासारखे लखलखीत. मागचं धड आणि पंख कापडाचे, त्यावर ॲल्युमिनियमचा लेप. तो मंद, थोडा राखाडी. दोन वेगळ्या बाटल्या घे. पावसाळी हवेत लॅकर मारू नकोस, वर पांढुरकी झाक येते.

डेकलमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 43 स्क्वाड्रनचे काळे-पांढरे चौकोन असतील तर तेच लाव. ही विमानं पहिल्यांदा त्यांनाच मिळाली, 1931च्या मे महिन्यात, इंग्लंडमधल्या टँगमिअरला. समपातळीत ताशी 200 मैलांचा वेग ओलांडणारं ब्रिटिश हवाई दलाचं हे पहिलं लढाऊ विमान. आखणारा सिडनी कॅम, तोच पुढे हरिकेनचा. चौकोनांची लांब पट्टी अखंड उचललीस तर गुंडाळली जाते. दोन-तीन तुकडे करून लाव. शेपटीच्या सुकाणूवर लाल पट्टा पुढे, निळा मागे. 1930 पूर्वी उलटं होतं, त्यामुळे जुन्या फोटोंवर जाऊ नकोस.

आता वरचा पंख. गोंद न लावता आधी दोनदा बसवून बघ. पुठ्ठ्याचे दोन सारख्या उंचीचे ठोकळे करून पंखाला आधार दे. गोंद हळू सुकणारा हवा, म्हणजे समोरून आणि वरून पाहून पंख सरळ करायला वेळ मिळतो. आधी धडावरच्या मधल्या दांड्या, त्या पक्क्या झाल्या की बाहेरच्या. बाहेरच्या दांड्या एन आकाराच्या आहेत, त्यामुळे पुढच्या-मागच्या दांडीत फुलीच्या तारा नसतात. तेवढं काम वाचतं.

तारांसाठी दोरा वापरू नकोस, त्याचे तंतू दिसतात. खरी तार करंगळीपेक्षा बारीक. तिला 72ने भागलं की केसाएवढी उरते. फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर फिरव, मऊ झाला की ज्योतीबाहेर आणून सावकाश ओढ. केसासारखा धागा निघतो. मापाने कापून दोन्ही टोकांना चिमटीने टेकव. सैल राहिला तर पेटलेली उदबत्ती जवळ ने, लावू नकोस. धागा आपोआप ताणला जातो. जास्त जवळ नेलीस तर तुटतो, मग पुन्हा ओढायचा, फ्रेम काही कमी पडत नाही.

वैमानिकासमोरची छोटी काच सर्वांत शेवटी आणि फेविकॉलनेच. इन्स्टंट गोंदाची वाफ लागली की काच पांढरी पडते. आणि हे सगळं करताना छताचा पंखा बंद ठेव. घाम आला तरी चालेल.