काय आणि गाय

संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात. तेथे शून्य आणि एक या दोनच अंकांचे राज्य असते. 'क' या अक्षरास युनिकोड नावाच्या सर्वमान्य कोष्टकात २३२५ हा क्रमांक दिलेला आहे. द्विमान पद्धतीने तो १००१०००१०१०१ असा लिहितात. 'ग' चा क्रमांक २३२७, म्हणजे १००१०००१०१११. उजवीकडून दुसरा अंक तेवढा निराळा! साठवणीत तो एकच अंक उलटला की 'काय' या शब्दाची 'गाय' होते. गोष्टीच्या पुस्तकात असे घडले तर हसून सोडता येईल. परंतु रुग्णाच्या औषधाच्या मात्रेत किंवा शेतजमिनीच्या नोंदीत एखादा आकडा असाच पालटला, तर तो प्रसंग हसण्याजोगा राहत नाही.

अंक उलटण्यास कारणेही अनेक. डिस्कवरील चुंबकीय खुणा कालांतराने क्षीण होतात, जोडणीची तार सदोष असते, लेखन चालू असताना वीज जाते, आणि क्वचित अंतराळातून आलेला विश्वकिरण स्मृतीतील अंक बदलून टाकतो. यांतील पुष्कळ बिघाड मुके असतात. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत अनेक यंत्रांवर आधीच ठाऊक असलेला मजकूर लिहून तो पुन्हा वाचून पाहण्यात आला. २००७ साली पुढे आलेल्या या तपासणीत, यंत्रांनी कसलीही तक्रार केलेली नसताना चुका सापडल्या.

संगणकातील साठा ग्रंथालयासारखा असतो. कोणती फाइल कोठे ठेवली आहे याची एक सूची असते आणि फाइली निराळ्या असतात. युनिक्स प्रणालीतील 'एफएससीके' हा जुना तपासनीस ही सूची ताडून पाहतो. एकाच जागेवर दोन फाइलींनी हक्क सांगितला आहे काय, एखादी फाइल सूचीतून निखळली आहे काय, हे तो शोधतो. आणि अशा पोरक्या फाइली 'हरवले-सापडले' या अर्थाच्या नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवतो. मात्र तो पुस्तक उघडून वाचीत नाही. आतील 'काय' ची 'गाय' झाली असली तरी त्यास पत्ता लागत नाही.

त्यासाठी पडताळ्याचा अंक लागतो. ३, ७, ५ हे अंक लिहिताना त्यांची बेरीज १५ टिपून ठेवली, तर ७ चा ८ होताच बेरीज १६ येईल व चूक उघडी पडेल. परंतु ३ आणि ७ यांची अदलाबदल झाली तर? बेरीज १५ च राहते. जॉन फ्लेचर या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर तोड काढली: प्रत्येक पायरीच्या बेरजेचीही बेरीज करावी. ३, १० व १५ मिळून २८ होतात; अदलाबदलीनंतर ७, १० व १५ मिळून ३२ होतात. चोर सापडला!

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ साली खुल्या केलेल्या 'झेडएफएस' या फाइल-व्यवस्थेत हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर योजिली आहे. तेथे मजकुराचा पडताळा मजकुराशेजारी न ठेवता, त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवतात. हे शहाणपणाचे आहे. कारण मजकूर चुकून भलत्याच जागी लिहिला गेला, तर शेजारचा पडताळाही त्याच्याबरोबर तेथेच जाईल आणि दोघेही एकमेकांस खरे ठरवितील.

बहुधा महिन्यातून एकदा अशा साठ्याची पूर्ण झडती घेतात. तिला 'स्क्रब', म्हणजे घासून साफ करणे, असे म्हणतात. नाव जरा फसवे आहे. कारण यंत्र काही घाशीत नाही, तर सारा मजकूर पहिल्यापासून वाचून पडताळ्याशी जुळवीत जाते. एक प्रत बिघडली असेल आणि दुसरी निर्दोष प्रत उपलब्ध असेल, तर तिच्यावरून पहिली दुरुस्त केली जाते. दुसरी प्रत नसल्यास मात्र अमुक फाइल बिघडली, इतकेच कळते. पडताळा न पाहता प्रती काढणाऱ्याची स्थिती याहून बिकट: त्याच्या हातून बिघडलेली फाइलच चांगल्या प्रतीवर उतरविली जाते, आणि अशा रीतीने 'काय' हा शब्द दोन्ही ठिकाणांहून नाहीसा होतो.