इंग्रजी अहवालातील 'शकलो'

केंद्र शासनाकडे इंग्रजीत अहवाल पाठविताना सामर्थ्यदर्शक क्रियापदांची निवड काळजीपूर्वक करावी लागते. वर्तमानकाळ सोपा आहे. 'ती पोहू शकते' यासाठी 'शी कॅन स्विम' पुरेसे होय. अडचण येते ती भूतकाळात.

'लहानपणी ती पोहू शकत असे' या वाक्यात नेहमीचे सामर्थ्य सांगितले आहे. तेथे 'कुड' योग्य ठरते. 'काल आम्ही पंप दुरुस्त करू शकलो' ही मात्र एका वेळी घडून पूर्ण झालेली कृती होय. तेथे 'वुई वेअर एबल टू रिपेअर द पंप' असे लिहावे. 'वुई कुड रिपेअर द पंप' असे लिहिल्यास 'आम्ही पंप दुरुस्त करू शकू' असाही अर्थ निघतो आणि झालेले काम अद्याप व्हावयाचे आहे, असा वाचणाऱ्याचा समज होतो. नकारार्थी वाक्यात ही अडचण नाही. 'कुड नॉट' दोन्हीकडे चालते.

ओळखण्याची खूण मराठीतच आहे. 'शकत असे' तेथे 'कुड'. 'शकलो' तेथे 'वॉज' अथवा 'वेअर एबल टू'. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही खूण अवश्य सांगावी.