अंड्याचा पापुद्रा आणि सायनसचा पडदा

एक कच्चं अंडं घ्यायचं, ते घट्ट बसवायचं आणि फिरत्या डायमंड बरने त्याच्या कवचावर नखाएवढी चौकट कोरायची. कवच पूर्ण झिजलं पाहिजे, पण त्याच्या आतला पातळ पापुद्रा फाटता कामा नये. मग बोथट, चमच्यासारख्या हत्याराने तो पापुद्रा कवचापासून हलकेच सुटा करायचा. सायनस लिफ्टच्या कार्यशाळांत हा सराव करून घेतात आणि तो चांगलाच आहे. हाताला दाबाचा अंदाज येतो, बर कुठे थांबवायचा हे बोटांना कळू लागतं. चार-सहा अंडी फुटली की पुढचं बहुतेकांना जमतं, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. अंडं जमलं म्हणजे शस्त्रक्रिया जमली असं विद्यार्थ्याला वाटतं. बीडीएस झालेला मुलगा किंवा मुलगी आयुष्यभर नुसतं रूट कॅनल आणि कॅपच करत बसणार की काय, या धास्तीने आई-वडील पुढच्या कोर्सची फी भरायला तयार होतात. सायनस लिफ्ट जरूर शिकावी, पण इंटर्नशिप संपल्याबरोबर नव्हे. शिक्षणाच्या क्रमात तिचा नंबर बराच उशिरा लागतो, कारण तिच्यातला सर्वांत अवघड भाग अंड्यावर शिकताच येत नाही. या लेखात एवढंच पटवून द्यायचं आहे.

ही शस्त्रक्रिया काय आहे ते पालकांनीही समजून घ्यायला हरकत नाही, कारण फी बहुधा त्यांच्याच खिशातून जाते. वरच्या दाढांच्या मुळांवर, वरच्या जबड्याच्या हाडात, हवेची एक पोकळी असते. तिलाच मॅक्सिलरी सायनस म्हणतात. दाढ काढली की तिथलं हाड खालून झिजतं आणि ही पोकळी वरून खाली पसरते. काही वर्षांनी तोंड आणि पोकळी यांच्यामध्ये कित्येकदा ३-४ मिलिमीटरच हाड उरतं. नेहमीच्या इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाला, ८ ते १० मिलिमीटर उंची लागते. मग सायनसच्या तळाचं अस्तर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत हाड किंवा हाडाचा पर्यायी चुरा (ग्राफ्ट) भरायचा, ही झाली सायनस लिफ्ट. इम्प्लांट हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रानमार्क यांनी दाखवून दिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णात ते इम्प्लांट बसले. वरच्या दाढांचा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नव्हता. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी १९७०च्या दशकात सायनसचा तळ उचलण्याची पद्धत बसवली आणि १९८० मध्ये बॉइन व जेम्स यांचा त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडून जायचं, हा तो मार्ग. १९९४ मध्ये समर्स यांनी दुसरा, कमी चिरफाडीचा मार्ग मांडला. त्यात इम्प्लांटच्याच भोकातून, म्हणजे खालून, ऑस्टिओटोम नावाच्या हत्याराने हातोडीचे ठोके देत तळ वर ढकलायचा असतो.

आता ते अस्तर, म्हणजे सायनसचा पडदा. निरोगी माणसात ते बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात खिडकीच्या मार्गाने केलेल्या शस्त्रक्रियांत पडदा फाटण्याचं सरासरी प्रमाण १९.५ टक्के निघालं, म्हणजे पाचांमागे जवळपास एक. ज्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवून ती प्रसिद्ध केली, त्यांचे हे आकडे आहेत, शिकाऊ हातांचे नव्हेत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात खालच्या मार्गाने हे प्रमाण ३.८ टक्के दिसलं. मात्र खालून जाताना पडदा डोळ्यांना दिसतच नाही, हे तो आकडा वाचताना ध्यानात ठेवावं. पडदा फाटणं हा काही गुन्हा नव्हे. लहान फाट कोलाजेनच्या पडद्याने झाकता येते, मोठी असेल तर सगळं थांबवून, टाके घालून काही महिन्यांनी परत यावं लागतं. पण यांतलं कधी काय करायचं हे अंडं सांगत नाही. अंड्यात आडव्या भिंती नसतात. माणसाच्या सायनसमध्ये साधारण चारांतून एकात हाडाची अशी भिंत सापडते आणि पडदा नेमका तिथे फाटतो. अंड्याच्या कवचातून धमनी जात नाही. सायनसच्या बाहेरच्या भिंतीतून जाते, आणि ती जाड असेल तर खिडकी पाडताना झालेला रक्तस्राव आवरणं जड जातं. शिवाय अंड्याला सर्दी होत नाही. सायनसचं अस्तर जिवंत असतं, त्यावरची सूक्ष्म लव शेंबूड वरच्या तोंडाकडे ढकलत असते. ते तोंड आधीच बंद असेल किंवा जुनं सायनसचं दुखणं असेल, तर भरलेला चुरा तिथे कुजतो. हे ओळखण्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन वाचता यावा लागतो आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशी बोलावं लागतं.

याही आधी एक प्रश्न येतो, आणि शिकण्यातला खरा कस तिथे लागतो: या रुग्णाला सायनस लिफ्ट हवीच आहे का? वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४च्या आढाव्याने उरलेलं हाड ४ ते ९ मिलिमीटर असलेल्या रुग्णांत हाच प्रश्न तपासला. सायनस उचलून लांब इम्प्लांट बसवणं हे सरळ आखूड इम्प्लांट बसवण्यापेक्षा सरस आहे की कमी, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे मधल्या उंचीच्या बऱ्याच रुग्णांत एक लहान, स्वस्त आणि कमी त्रासाचा पर्याय समोर असतो. नेदरलँड्समधल्या कायझर यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असलेली माणसं समाधानाने जेवू शकतात. सर्वांत मागची दाढ गेली म्हणून ती बसवलीच पाहिजे असं नाही. कुठे ब्रिज पुरतो, कुठे काढता-घालता येणारी कवळी, कुठे काहीच न करणं बरं. उलट ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी हाड असताना सोपा मार्ग धरणंही महागात पडतं. १९९९च्या एका बहुकेंद्री अभ्यासात समर्सच्या पद्धतीने बसवलेले इम्प्लांट ५ मिलिमीटर किंवा जास्त हाड असताना ९६ टक्के टिकले, ४ किंवा कमी असताना ८५.७ टक्के. एका मिलिमीटरने चित्र बदलतं. ज्याने फक्त सायनस लिफ्टच शिकली, त्याचं कावीळ झालेल्या माणसासारखं होतं, त्याला प्रत्येक एक्स-रेमध्ये तीच दिसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. नीटमधून प्रवेश, चार वर्षांचं बीडीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप हा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. तीन वर्षांच्या एमडीएसच्या नऊ शाखांत इम्प्लांटॉलॉजी नावाची वेगळी शाखा नाही, हे मात्र अनेक पालकांना ठाऊक नसतं. तीन शाखा या कामाला वेगवेगळ्या दारांतून भिडतात. ओरल सर्जरीवाल्याला रक्तस्राव, हाड आणि प्रसंगी सायनसमध्येच घुसलेलं दाढेचं मूळ यांची सवय असते. पेरिओवाल्याच्या हातात हिरडी, टाके आणि ग्राफ्टचं नाजूक काम बसलेलं असतं. प्रोस्थोवाला, म्हणजे कृत्रिम दातांचा तज्ज्ञ, शेवटापासून विचार करतो: दात कुठे यायला हवा, म्हणून इम्प्लांट कुठे, म्हणून हाड कुठे. माझं मत विचाराल तर तिसऱ्याची विचार करण्याची पद्धत आणि पहिल्याचा हात हे मिश्रण सर्वांत चांगलं, पण ते एका माणसात क्वचितच भेटतं. एमडीएस न करता ही वाट चालणाऱ्यालाही तेच टप्पे ओलांडावे लागतात. आधी अवघड दाढा न फोडता, हाड राखून काढणं आणि हिरडी उचलून पुन्हा नीट शिवणं. दात काढल्यावर खड्ड्यात ग्राफ्ट भरून हाड टिकवणं त्यानंतर, आणि मग खालच्या जबड्यातले सरळ, भरपूर हाडाचे इम्प्लांट. त्यांवरच्या कॅप वर्ष-दोन वर्षं चालताना पाहून झाल्यावर ६-७ मिलिमीटर हाड असलेल्या जागी खालून जाणारी लहान लिफ्ट. खिडकीचा मार्ग सर्वांत शेवटी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "बॅचमधले सगळे करतात, आमचीच मुलगी मागे पडेल." आक्षेपात तथ्य आहे. शहरांत एकाच रस्त्यावर चार-चार दवाखाने आहेत आणि दातात सिमेंट भरण्याच्या दरावर घासाघीस चालते. पण सायनस लिफ्ट हे या स्पर्धेवरचं उत्तर ठरत नाही. नव्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत इम्प्लांट परवडणारे थोडे असतात, त्यांत वरची मागची दाढ हवी असलेले आणखी थोडे, आणि त्यांत हाड कमी असलेले त्याहून थोडे. महिनोन्‌महिने न वापरलेलं कौशल्य गंजतं. पायझो यंत्र, फिजिओडिस्पेन्सर, ग्राफ्टच्या मुदत संपणाऱ्या बाटल्या यांत अडकलेले पैसे मात्र हप्ते मागत राहतात. तेच पैसे चांगली खुर्ची, निर्जंतुकीकरण आणि भिंगाचे चष्मे यांत गेले तर रोजचं काम सुधारतं. रोजचं काम चांगलं असलं की रुग्ण टिकतो, आणि आज रूट कॅनलला आलेला रुग्णच दहा वर्षांनी इम्प्लांटला येतो.

दुसरा आक्षेप लहान गावांतून येतो: तज्ज्ञ पुण्या-मुंबईत, रुग्ण इथे, मग स्वतः शिकल्याशिवाय कसं भागणार? खरं तर महाराष्ट्रात यावर एक व्यवस्था केव्हाच बसली आहे. तालुक्याच्या गावी ठरल्या दिवशी कन्सल्टंट येतो, गुंतागुंतीची कामं करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. काही तरुण डॉक्टरांना यात कमीपणा वाटतो, काहींना फीचा वाटा जातो याचं दुःख होतं. पण त्या दिवशी शेजारी उभं राहून सक्शन धरणारा डॉक्टर जे पाहतो ते कोणत्याही कार्यशाळेत दाखवलं जात नाही: ठरवलेली खिडकी ऐनवेळी पुढे का सरकवली, हातोडीचे ठोके मध्येच का थांबवले. त्या ठोक्यांनी काही रुग्णांना नंतर चक्कर येत राहते, हेही मग कळतं. शिवाय रुग्ण त्याच डॉक्टरकडे परत येतो. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, या सूचना त्यानेच समजावलेल्या असतात आणि त्या न पाळल्याचे परिणामही त्यालाच दिसतात. अशा वीस-पंचवीस केसेसना हात लावल्यावर कार्यशाळेत गेलात तर तिथल्या प्रश्नोत्तरांच्या तासालाही अर्थ येतो.

एमडीएसच्या जागा कमी आणि खासगी महाविद्यालयांची फी अफाट, हे मान्य. मग बीडीएसवाल्याने हे करूच नये का? तसं नाही. इम्प्लांटचं उत्तम काम करणारे कितीतरी डॉक्टर बीडीएसच आहेत. मात्र १९९५च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, आणि वाद झाला तर डॉक्टरकडचं प्रमाणपत्र पाहून प्रश्न संपत नाही. त्या कामात अपेक्षित असलेली काळजी घेतली का, हे पाहिलं जातं. नोंदी, स्कॅन आणि संमतिपत्र इथे कामी येतात. संमतीत आपल्याकडे एक खास बाब आहे आणि ती फार जण गाळतात. सायनसमध्ये भरायचा चुरा अनेकदा गायीच्या हाडापासून बनवलेला असतो, कोलाजेनचे पडदे गायी-म्हशींपासून किंवा डुकरापासून. शाकाहारी, जैन, हिंदू, मुस्लिम रुग्णाला हे आधी सांगायलाच हवं, मग तो कृत्रिम पर्याय मागेल किंवा चालेल म्हणेल. हे सांगायचं धाडस आणि भाषा दोन्ही शिकावी लागतात.

तरीही कोर्स करायचाच असेल, आणि योग्य वेळी करावाही, तर चकचकीत पत्रकापेक्षा काही साधे प्रश्न विचारा. स्वतःच्या हाताने खऱ्या रुग्णावर काम मिळणार की मागच्या रांगेतून पडद्यावर पाहायचं? केस निवडायला कोण बसतं, आणि नाकारलेल्या केसेसही दाखवतात का? पडदा फाटला, इम्प्लांट सायनसमध्ये निसटला, पू झाला, तर काय केलं हे उघडपणे सांगतात का? तीन दिवसांच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशीच्या रुग्णाचे टाकेसुद्धा निघालेले नसतात. ते आठ-दहा दिवसांनी निघतात. भरलेलं हाड पिकायला सहा ते नऊ महिने जातात आणि कॅप त्यानंतर बसते. तेव्हा फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या की त्या रुग्णाचा नवव्या महिन्याचा स्कॅन पाहायला विद्यार्थ्याला परत बोलावतात का.