बाजारहाट आणि विश्वासणाऱ्याचा विवेक

अभ्यासाचे शास्त्रभाग : १ करिंथ १०:२३–३३, याकोब ५:१–६, २ शमुवेल २३:१३–१७, नीतिसूत्रे २०:१४.

करिंथ येथील मंडळीत कुलीन व सामर्थ्यवान असे लोक फार नव्हते, हे पौलाच्या त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायावरून कळते. अशा लोकांनी प्रेषिताकडे एक प्रश्न लिहून पाठविला होता. बाजारात विकावयास येणाऱ्या मांसापैकी काही मूर्तींपुढे अर्पिलेल्या पशूंचे असे. ते विकत घ्यावे की न घ्यावे? आपल्या गावांतून हा भाग पुष्कळदा वाचला गेला आहे, परंतु बहुधा जत्रेचा प्रसाद घ्यावा की न घ्यावा एवढ्याच वादासाठी. आज तो दुसऱ्या कामासाठी उघडू. जे अन्न आपण विकत घेतो ते पिकविणाऱ्यावर, तोडणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर अन्याय होऊन आपल्या ताटात आले असेल, तर ज्या घरी आठवड्याचा बाजार मोजक्या रुपयांत करावयाचा असतो त्या घराने काय करावे?

पौलाचे उत्तर दुहेरी आहे. बाजारात जे विकते ते विवेकासाठी चौकशी न करता खावे, असे तो २५व्या वचनात सांगतो. आणि २८व्यात म्हणतो की, कोणी ते अर्पिलेले आहे असे कळविले, तर कळविणाऱ्याकरिता खाऊ नये. पहिल्या अर्ध्या भागावर बोट ठेवून कित्येक म्हणतात, “मग विचारावयाचे कशाला? स्वस्त मिळेल ते घ्यावे.” परंतु पौल असे का म्हणू शकला हे पाहा. आठव्या अध्यायाप्रमाणे मूर्ती ही काहीच नाही, म्हणून तिच्यापुढे ठेवल्याने मांस बिघडत नाही. मजूर मात्र ‘काहीच नाही’ असे कोणत्याही प्रेषिताने म्हटलेले नाही. उलट याकोब म्हणतो की, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. तेव्हा मूर्तीविषयी दिलेली मोकळीक अन्यायाकडे डोळेझाक करण्यास वापरणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

दाविदाची गोष्टही येथे जोडून वाचावी. अदुल्लामच्या गुहेत असता बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याला वाटले. तिघा वीरांनी पलिष्ट्यांची छावणी फोडून ते आणले. त्याने ते प्यायले नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे ते रक्तच, असे मानून प्रभूपुढे ओतले. शिकविताना एक गोष्ट विसरू नये. दाविदाचा प्राण त्या पाण्यावाचून जात नव्हता. ज्या मातेपुढे एकच दुकान, एकच उधारीची वही आणि चार भुकेली मुले आहेत, तिला ही गोष्ट सांगून दोषी ठरविणे निर्दयपणाचे होईल. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी १ तीमथ्य ५:८ मध्ये किती कडक शब्द आहेत, ते उपदेशक बंधूंनी आधी स्वतः वाचावेत.

इतिहासातील एक उदाहरण मननीय आहे. सन १७९१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटाने गुलामांचा व्यापार बंद करण्याचे बिल फेटाळले, तेव्हा विल्यम फॉक्स ह्याने एक पत्रक काढून लोकांस वेस्ट इंडीजची साखर सोडण्याची विनंती केली, कारण ती गुलामांच्या श्रमाची होती. सुमारे तीन लाख लोकांनी ती सोडली, असा थॉमस क्लार्कसन ह्याचा अंदाज होता. काहींनी तिच्याऐवजी हिंदुस्थानची साखर घेतली. परंतु तिच्यावर जकात जास्त असल्यामुळे ती महाग पडे. ज्यांना ती परवडत नसे त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा हाच मार्ग उरे, आणि त्याला पैसा लागत नसे. ज्या हिंदुस्थानची साखर निर्दोष म्हणून विकली जाई तेथेही गुलामगिरी होतीच. तिच्याविरुद्धचा कायदा १८४३ साली झाला. आपला माल अगदी शुद्ध आहे असा अभिमान कोणी बाळगू नये, हे यावरून कळते. केवळ साखर सोडल्याने गुलाम मुक्त झाले असेही नव्हे. १८३१ च्या अखेरीस जमेकात गुलामांनी उठाव केला. त्यांचा पुढारी सॅम शार्प हा बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन होता, आणि १८३२ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. पुढल्याच वर्षी मुक्तीचा कायदा झाला.

आता आपल्या साखरेकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना इत्यादी जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन ऊस तोडावयास जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. सन २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे कोठल्या परक्या बेटाचे वर्तमान नाही. ह्यांतील काही भगिनी आपल्याच मंडळ्यांच्या असतील, आणि नाताळाच्या उपासनेत त्यांची जागा रिकामी असते.

तर साखर टाकून गूळ घ्यावा काय? गूळही उसाचाच, त्याने प्रश्न सुटत नाही. साखर अजिबात सोडावी काय? त्याने तोडणाऱ्याच्या हातात एक पैसाही अधिक पडत नाही. त्याचे खरे हित दुसऱ्या वाटेने होते : उसतोडीला निघालेल्या घराची मुले मागे राहून शाळेत जावीत म्हणून मंडळीतील एखाद्या घराने त्यांस ठेवून घेणे; ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे अर्ज भरून देणे; आणि आपले रेशनकार्ड परजिल्ह्यातील दुकानातही चालते, हे निघण्यापूर्वी त्यांस सांगणे. हे शेवटचे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि मग ते फडावरच्या दुकानात चढ्या भावाने धान्य घेतात.

तरीही साखर कमी करण्यात अर्थ आहे, तो असा. पाच माणसांच्या घरी दोन वेळचा चहा होतो. प्रत्येक कपात एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, साखर कमी घातली तर महिन्यास दीड किलो वाचते. किलोस चाळीस रुपये धरले तरी साठ रुपये झाले. भाजीवालीशी जुडीमागे दोन रुपयांसाठी जी ओढाताण चालते, ती तीस जुड्यांपुरती थांबविण्यास ही रक्कम पुरते. विवेकाचा खर्च अशा रीतीने घरातूनच काढता येतो.

नीतिसूत्रे २०:१४ मधला गिऱ्हाईक माल वाईट आहे, वाईट आहे असे म्हणतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. हा मनुष्य आपल्या आठवडे बाजारात दर वेळी भेटतो. कधी कधी तो उपासनेत पुढच्या रांगेत बसलेला असतो! दिवस मावळता भाजी स्वस्त होते, आणि गरिबाने त्या वेळी जाण्यात काही पाप नाही. विकणारी आपण होऊन भाव उतरवील तर आभार मानून घ्यावे. परंतु तिची शेवटची एस.टी. सुटावयास आली आहे हे हेरून अर्ध्या भावाला अडून बसणे, ही गोष्ट वेगळी. ज्याला दोन्हींतला फरक कळत नाही त्याने एक दिवस टोपली घेऊन बसून पाहावे.

उधारीविषयी थोडे. वहीवर माल घेणाऱ्याला दुकान निवडता येत नाही, भाव विचारता येत नाही, आणि डाळीत भेसळ दिसली तरी तोंड उघडता येत नाही. म्हणून मोजक्या पैशांत नीतीने खरेदी करू इच्छिणाऱ्या घराने पहिला प्रयत्न वही बंद करण्याचा करावा, मग ते थोडे थोडे करून का होईना. भेसळ ही हलकी बाब नव्हे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्यामुळे साठांहून अधिक माणसे दगावली. सुटे तेल, सुटे तिखट व हळद अगदी स्वस्त मिळते तेव्हा ते का स्वस्त आहे हे विचारावे. येथे पौलाची मोकळीक लागू नाही. आणि आपल्यापैकी जे स्वतः माप धरून बसतात त्यांनी आमोस ८:५–६ वाचावे. गव्हात भुसा विकणारे तेथे आहेत.

एक योजना मंडळीने एकत्र बसून करून पाहावी. पौष-माघात तूर निघते तेव्हा पैशाची नड असलेला लहान शेतकरी ती पडेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या मापावर घालतो, आणि तीच डाळ पुढे आपण दुकानातून चढ्या दराने आणतो. आठदहा घरांनी वर्गणी करून मंडळीतल्याच किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडून एक क्विंटल तूर त्या दिवसाच्या बाजारभावाने, रोख पैसे देऊन घ्यावी. डाळमिलीत तिची साधारण सत्तर किलो डाळ होते. घरच्या जात्यावर त्याहून कमी. भरडाईचा व गाडीचा खर्च आधीच विचारून घ्यावा, नाही तर हिशेब चुकतो आणि मने दुखावतात. चुणी ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांस द्यावी. ज्या घराला वर्गणी एकदम देणे शक्य नाही त्याची रक्कम मंडळीच्या पेटीतून भरावी व ती दोनतीन महिन्यांत फेडून घ्यावी. मात्र वाटणीच्या दिवशी त्या घराचा वाटा इतरांबरोबरच आणि त्याच मापाने मोजावा.