यामिकीचे उच्च शिक्षण आणि इंग्रजी

पूल, धरणाची भिंत किंवा एस. टी. गाडीचा सांगाडा यांवर भार पडला असता ते किती वाकतील व केव्हा मोडतील, याचा हिशेब करणारे शास्त्र म्हणजे अभियांत्रिकी यामिकी. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची गणिताची तयारी पुष्कळदा उत्तम असते. तो अडखळतो प्रश्नाच्या भाषेपाशी. त्याचे इंग्रजी कच्चे आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण या अडचणीचे स्वरूप थोडे निराळे आहे.

भिंतीला टेकवलेली शिडी ‘ऑन द पॉइंट ऑफ स्लिपिंग’ आहे, असे प्रश्नात म्हटलेले असते. शिडी घसरण्याच्या बेतात आहे, एवढा अर्थ कळून भागत नाही. घर्षणबल कमाल मर्यादेला पोचले असून ते घर्षणांक व लंब प्रतिक्रिया यांच्या गुणाकाराइतके आहे, हे समीकरणच त्या चार-पाच शब्दांत दडलेले असते. ते निसटले की पुढचे सारे गणित अडते. ‘सिंपली सपोर्टेड’ तुळईचेही तसेच. तिची टोके आधारावर नुसती टेकलेली, वळण्यास मोकळी असतात, हा त्याचा नेमका अर्थ. ‘स्ट्रेस’ व ‘स्ट्रेन’ या दोन्ही शब्दांना बोलीत आपण ‘ताण’ म्हणतो. शास्त्रात पहिले प्रतिबल, दुसरी प्रतिविकृती. १ मीटर लांबीची पोलादी सळई ओढल्याने १ मिलिमीटर वाढली, तर प्रतिविकृती ०.००१, तिला एकक नाही. प्रतिबल मात्र दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन भरते. हे इंग्रजी साहित्याचे इंग्रजी नव्हे, आणि इंग्रजी घरात वाढलेल्या मुलालाही ते शिकावेच लागते.

या संदर्भात स्टीफन टिमोशेन्को यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८७८ साली आजच्या युक्रेनमध्ये झाला. कीव्हच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापन केले. १९२० साली ते झाग्रेबला गेले. तेथे ते रशियन भाषेतच व्याख्याने देत व त्यांत जमतील तेवढे क्रोएशियन शब्द घालीत. विद्यार्थ्यांना ती समजत. १९२२ साली अमेरिकेत पोचले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. काही वर्षे वेस्टिंगहाउस कंपनीत काम करून १९२७ साली ते मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांनी अभियांत्रिकी यामिकीचा डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यासक्रम उभा केला. १९३६ पासून ते स्टॅनफर्डला होते. पदार्थांचे बल, स्थितिस्थापकता, कंपने या विषयांवरील त्यांची इंग्रजी पाठ्यपुस्तके आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्यांतील वाक्ये आखूड आहेत, शब्दसंग्रह मर्यादित आहे. आकृती, गृहीतक, समीकरण असा क्रम सहसा सुटत नाही. परक्या भाषेत लिहिणाऱ्याची ही काटकसर विद्यार्थ्याच्या पथ्यावरच पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिली. हे स्वागतार्ह आहे. मात्र पदव्युत्तर प्रवेशासाठीची ‘गेट’ परीक्षा इंग्रजीत होते आणि प्रबंध व शोधनिबंधही बहुतांशी इंग्रजीतच लिहावे लागतात. तेव्हा मराठीतून समजणे व इंग्रजीतून मांडणे या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याला साधल्या पाहिजेत.

त्याची सुरुवात माध्यमिक शाळेतही करता येईल. बलांची आकृती काढल्यावर शिक्षकांनी चार वाक्ये लिहून घ्यावीत : कोणत्या वस्तूचा विचार केला, तिच्यावर कोणती बले आहेत, काय गृहीत धरले, काय काढायचे आहे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. गावच्या वाचनालयात असा एक कोश व यामिकीचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक शेजारी शेजारी ठेवणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.