कळा कमी करणारी सुई आणि पोटातले लेकरू



लेक किंवा सून बाळंतपणाला आली की शिरपूर भागातल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : "कळा सोसवत नाहीत म्हणून सुई दिली, तर लेकराला बाधते का हो?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. गावात ज्याला नुसते 'कळांचे इंजेक्शन' म्हणतात ते बहुधा ऑक्सिटोसिन असते. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही लोक वापरतात तेच हे औषध. ते दुखणे थांबवत नाही, उलट कळा वाढवते. दवाखान्यात देखरेखीखाली, सलाईनमधून थेंबाथेंबाने ते चालते. घरी कुणी एकदम टोचले तर कळांना उसंत राहत नाही, बाळाला रक्त कमी पोचते, गर्भपिशवी फाटूसुद्धा शकते. घरी ते कदापि टोचून घेऊ नये.

दुखणे कमी करणारे औषध वेगळे. त्यातले जुने नाव पेथिडीन. अफूच्या गुणाचे, पण प्रयोगशाळेत बनवलेले हे औषध १९३९ साली पुढे आले. आईला त्याने दोन ते चार तास आराम पडतो. परंतु आईच्या रक्तातले औषध वारेतून बाळातही उतरते. आईच्या अंगातून निम्मे औषध ३-४ तासांत निघून जाते. नवजात बाळाला त्यासाठी अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून काही बाळे जन्मतः सुस्त असतात, श्वास मंद घेतात, उशिरा रडतात, दूध नीट ओढत नाहीत.

खरी गोम आहे ती वेळेत. सुई दिल्यावर साधारण दोन-तीन तासांनी बाळ जन्मले, तर त्याच्यावर परिणाम जास्त दिसतो. आता आपल्याकडे काय होते? एका दवाखान्यात सुई दिली, मग बाई अडली म्हणून गाडी करून मालेगाव, तिथून वाशीम. शेवटच्या डॉक्टरला मागचे काहीच ठाऊक नसते. उसाची गाडी चिठ्ठीशिवाय काट्यावर चढत नाही, मग बाळंतीण चिठ्ठीशिवाय का जावी? औषधाचे नाव, मात्रा व दिल्याची वेळ लिहूनच घ्यावी. तोडणी टोळीतल्या बाईला नेतानाही हेच करावे.

वेळ कळली की डॉक्टर पिशवी-मुखवटा हाताशी ठेवतात. न रडणाऱ्या बाळाला पहिल्याच मिनिटात श्वास द्यावा लागतो. औषधाचा उतारा असतो, पण तो नंतर. हे फक्त शहरातच जमते असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायांना हे काम शिकवले.

कमरेत मणक्याजवळ बारीक नळी घालून देतात त्या एपिड्युरलचे औषध बाळापर्यंत फार थोडे जाते. मात्र त्याला भूलतज्ज्ञ लागतो.

सुई नकोच, असे आमचे म्हणणे नाही. "आमच्या आयांनी सोसलंच ना!" हे बोलणे निदान पुरुषांनी तरी करू नये.

सुई घेतलेल्या आईचे बाळ झोपाळू असेल तर 'गुणी आहे, निजू द्या' म्हणू नका. दर दोन-तीन तासांनी उठवून अंगाला लावा. पहिले दोन-तीन दिवस ही जागल करावीच लागते. श्वास अडखळला, ओठ निळे पडले किंवा बाळ दूध ओढेना, तर त्याच घटकेला डॉक्टरला हाक मारा.