अध्यापनवृत्ती आणि सदातुरत्व

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील 11 व्या, फलमात्रासिद्धि अध्यायात अग्निवेशाने एक मार्मिक प्रश्न विचारला आहे: नेहमी आजारी असणारे लोक कोणते आणि त्यांना हितकर काय? आत्रेयांनी श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या व पण्यजीवी असे चार वर्ग सांगितले. श्रोत्रिय अध्ययनात व नित्यकर्मांत गुंतून देहाकडे पाहत नाही, राजसेवक धन्याची मर्जी राखतो, तर पण्यजीवी दिवसभर एका जागी बसून क्रयविक्रयात गढलेला असतो. (औषधालयचालक वाचकांना हे वर्णन अपरिचित वाटू नये.) आलेला वेग अडविणे आणि अवेळी जेवणे हे या सर्वांचे समान हेतू होत.

आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक यांपैकी किमान दोन वर्गांत मोडतो. शास्त्राचे पठनपाठन करतो म्हणून श्रोत्रिय, व्यवस्थापनाच्या अधीन म्हणून राजसेवक. सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय चालवीत असल्यास तिसराही वर्ग जोडला जातो. सकाळी स्वस्थवृत्तावर व्याख्यान द्यायचे आणि बाह्यरुग्ण विभाग व प्रबंधांचे मार्गदर्शन आटोपून दुपारी साडेतीन वाजता थंड डबा उघडायचा, हे चित्र विद्यार्थी रोज पाहतात आणि पुस्तकापेक्षा तेच लवकर शिकतात.

निदानस्थानाच्या 6 व्या अध्यायात शोषाची चार आयतने सांगताना साहस, क्षय व विषमाशन यांच्यासमवेत संधारण येते. राजाजवळ, गुरूंच्या चरणांपाशी, सज्जनांच्या सभेत बसलेला मनुष्य भयाने किंवा लज्जेने वात, मूत्र, पुरीष यांचे वेग रोखतो, असे तेथे म्हटले आहे. येथे कारण वेळेचा अभाव हे नसून संकोच हे आहे. बैठकीतून पाच मिनिटे उठणे किंवा एखाद्या नव्या समितीस सविनय नकार देणे हा उद्धटपणा नव्हे, ते निदानपरिवर्जन आहे. अर्थात त्याच चरकाने सूत्रस्थानाच्या 7 व्या अध्यायात 13 अधारणीय वेगांबरोबर लोभ, मान इत्यादी धारणीय वेगही सांगितले आहेत. प्रत्येक परिसंवादाचे व्यासपीठ आपल्याला हवेच असते. मग केवळ व्यवस्थापनास दोष देणे न्याय्य ठरत नाही.

विद्यार्थ्यांविषयी मर्यादा घालणे अनेकांना अधिक जड जाते. रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर प्रबंधाचे प्रकरण येते आणि ते तत्काळ वाचणे हेच गुरुकर्तव्य वाटू लागते. परंतु सुश्रुताने सूत्रस्थानाच्या 2 ऱ्या अध्यायाच्या शेवटी अनध्याय नेमून दिले आहेत: दोन्ही पक्षांतील अष्टमी, चतुर्दशी व पंचदशी, तसेच दोन्ही संध्याकाळ, स्मशान, वाहन, युद्धभूमी व महोत्सव येथेही अध्ययन वर्ज्य. त्या तिथी आज जशाच्या तशा पाळाव्यात असा आग्रह नाही. अध्ययनाला काळवेळेची चौकट असते, एवढे तत्त्व घ्यावे. प्रबंधवाचनाचे दोन वार सत्राच्या आरंभीच जाहीर केले, तर विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाहीत.

परीक्षाकाळात जागरण अटळ असल्यास अष्टांगहृदयाचा (सूत्रस्थान 7) संकेत उपयोगी पडतो: जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे. सर्वांग अभ्यंगास वेळ नसेल तर निदान शिर, कर्ण व पाद यांना तैल लावावे.

विबंध व सर्वांगरुजा सुरू झाल्यावर मात्र स्वतःच चूर्ण घेत न राहता सहकारी वैद्यास नाडी दाखवावी. आत्रेयांनी सदातुरांसाठी प्रथम स्नेहयुक्त फलवर्ती सांगितली आहे. बस्तीचा विचार त्यानंतर करावयाचा आहे.